खेळणे हाती देण्यापूर्वी



या व्याख्यानमालेच्या कार्यक्रमपत्रिकेत आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींनी मनाशी म्हटले असेल, की ज्या व्यासपीठावर इतिहासाचा, अर्थकारणाचा आणि वेदान्ताचा ऊहापोह होतो, त्या पंगतीत खुळखुळ्याला पान मांडले तरी कोणी? शंका रास्त आहे. पण खेळण्याचा मान आपण समजतो तितका लहान नाही. सिंधू संस्कृतीच्या उत्खननात मातीच्या चिमुकल्या गाड्या सापडल्या आहेत. आणि शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ तर देवलांनी मराठी रंगभूमीवर आणल्यापासून आपल्या घरचेच झाले आहे. त्या थोर नाटकाला नाव मिळाले ते राजावरून नव्हे, नायक-नायिकेवरूनही नव्हे. ते मिळाले एका मुलाच्या मातीच्या गाडीवरून. शेजारच्या मुलाजवळ सोन्याची गाडी आहे आणि आपल्याजवळ मातीची, म्हणून चारुदत्ताचा रोहसेन रडतो आणि वसंतसेना अंगावरचे दागिने उतरवून त्याची गाडी भरून देते. या प्रवेशात रसिकांना वात्सल्य दिसते. माझ्यासारख्या, जन्मभर मुलांचा दवाखाना चालवलेल्या माणसाला मात्र वेगळीच धास्ती वाटते : एवढ्याशा पोराच्या हाती एवढाले बारीक दागिने दिले, आणि त्याचे वय काय, तो वस्तू तोंडात घालतो की नाही, हे कोणी विचारलेच नाही!

विनोद बाजूला ठेवू. माझ्या टेबलाच्या खणात एक काचेची बरणी आहे. गेल्या अनेक वर्षांत मुलांच्या नाकातून, कानातून आणि माझ्या शल्यचिकित्सक मित्रांनी घशातून काढलेल्या वस्तू मी तिच्यात जपून ठेवल्या आहेत. एक चिंचोका आहे. दोन काचेचे मणी आहेत. कापडी अस्वलाचा एक डोळा आहे. रबरी बदकाच्या पोटातली शिट्टी आहे. मोटारीच्या चाकाची टोपी आहे. बटणासारखा दिसणारा विजेचा एक चपटा सेल आहे. नव्या आईबापांना मी ती बरणी दाखवतो आणि एकच गोष्ट सांगतो : यांतली एकही वस्तू शत्रूने घरात आणून टाकलेली नव्हती. सगळ्या कौतुकाने आल्या होत्या.

मग चूक कोठे झाली? खेळणे वाईट होते का? बहुतेक वेळा नव्हते. ज्या मण्यांनी नाक बंद केले, तेच मणी पाच वर्षांच्या मुलीने दोऱ्यात ओवले असते तर तिची बोटे तयार झाली असती. आज मला जे सांगायचे आहे त्याचे सार एवढेच, की खेळणे चांगले की वाईट हे खेळण्याकडे पाहून ठरत नाही. ते कोणत्या वयाच्या हातात आहे आणि आज कोणत्या अवस्थेत आहे, यावर ते ठरते. पहिला प्रश्न निवडीचा आहे, दुसरा निगेचा. आपण पहिला प्रश्न अर्धाच विचारतो आणि दुसरा बहुधा विचारतच नाही.

वय हुशारीचे नव्हे, गळ्याचे

खेळण्याच्या खोक्यावर एक खूण असते. वर्तुळात मुलाचा चेहरा, शेजारी शून्य ते तीन असे आकडे, आणि त्यावर तिरपी रेघ. तीन वर्षांखालील मुलाला हे देऊ नये, असा तिचा अर्थ. दुकानात मी अनेकदा संवाद ऐकला आहे. दुकानदार ती खूण दाखवतो आणि आजोबा अभिमानाने म्हणतात, “अहो, आमचा बाळ दोन वर्षांचा आहे, पण चार वर्षांच्या पोराला भारी आहे!” आजोबांचे म्हणणे खरेही असेल. पण ती खूण बाळाच्या बुद्धीसंबंधी नाहीच. ती त्याच्या गळ्यासंबंधी आहे. बुद्धी वयापुढे धावू शकते. श्वासनलिका धावत नाही.

लहान मुलाची श्वासनलिका साधारण त्याच्या स्वतःच्या करंगळीएवढी रुंद असते. त्याला चावून बारीक करायला पुरत्या दाढा नसतात, आणि ठसका देऊन अडकलेली वस्तू बाहेर फेकण्याची ताकद कमी असते. त्यात चौथ्या-पाचव्या महिन्यापासून पुढे त्याचे तोंड हेच ज्ञानेंद्रिय होऊन बसते. आपण वस्तू हातात फिरवून पाहतो, तो ती जिभेवर फिरवून पाहतो. हा खोडसाळपणा नव्हे. हा त्याचा अभ्यास आहे. तेव्हा “तोंडात घालू नको” असे दहा महिन्यांच्या मुलाला सांगणे म्हणजे आपल्याला “डोळे मिटून वाच” असे सांगण्यासारखे आहे. नियम मुलाला घालायचा नसतो. वस्तूला घालायचा असतो.

तो नियम शास्त्राने मापून दिला आहे. खेळण्यांच्या तपासणीत एक लहानशी नळी वापरतात. तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. खेळणे किंवा त्याचा सुटून येणारा तुकडा त्या नळीत पूर्ण मावला, तर तो तीन वर्षांखालील मुलासाठी अयोग्य ठरतो. गोल वस्तूंचा नियम आणखी कडक आहे, कारण गोल वस्तू घशात बुचासारखी बसते आणि हवेला फटही ठेवत नाही. म्हणून त्या वयाच्या मुलाचा चेंडू ४४.५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सुमारे साडेचार सेंटीमीटरपेक्षा मोठा हवा. घरी नळी कोठून आणायची? आपला अंगठा आणि तर्जनी यांची टोके जुळवा. जे कडे होते, ते त्या नळीपेक्षा थोडे मोठेच असते. त्यातून जी वस्तू आरपार जाईल, ती तीन वर्षांखालील मुलापासून दूर ठेवावी. ही परीक्षा फुकट आहे आणि ती खिशात घेऊनच आपण बाजारात जातो.

या कड्यातून आपल्या जुन्या, आवडत्या वस्तूही सुटत नाहीत, हे मला खेदाने सांगावे लागते. गोट्या, सागरगोटे, कवड्या, चिंचोके या साऱ्या त्यातून सहज खाली पडतात. म्हणून त्या टाकून द्याव्यात असे मी मुळीच म्हणत नाही. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम करून पुढे १९४५ साली बोर्डीला आलेल्या ताराबाई मोडक, आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ, यांनी शंखशिंपले, बिया आणि खडे यांवरच गरिबांची बालवाडी उभी केली. विकतच्या साधनांवाचून बालशिक्षण अडत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. पण ती बालवाडी होती. तेथे मुले जाणती होती आणि बाईंची नजर होती. रांगत्या बाळाच्या पाळण्याजवळ ठेवलेली चिंचोक्यांची वाटी ही बालवाडी नव्हे.

एका बीबद्दल मात्र मी सरसकट नाही म्हणेन. ती म्हणजे गुंज. लाल अंग, काळा ठिपका. दिसायला तिच्यासारखी देखणी बी नाही. म्हणूनच ती बाहुलीचे डोळे म्हणून आणि माळेत ओवायला वापरतात. पण गुंजेत जहाल विष असते. साल शाबूत असेल तर बी पोटातून तशीच जाऊ शकते. चावलेली किंवा ओवण्यासाठी भोक पाडलेली असेल, तर ते विष मोकळे होते. लहान मुलाच्या घरात गुंजेला जागा नको.

दोरीचेही असेच. पाळण्यावर टांगलेले चिमणाळे बाळ पाहते तोवर ठीक. बाळ हातांवर रेटून उठू लागले, की ते काढून ठेवावे. दीड वर्षाच्या आतल्या मुलाच्या खेळण्याची दोरी २२ सेंटीमीटरपेक्षा लांब असू नये, असा दंडक आहे. २२ सेंटीमीटर म्हणजे आपली वीत. वितीपेक्षा लांब दोरी गळ्याभोवती फिरू शकते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

चालायला शिकणाऱ्या मुलासाठी आपल्याकडे लाकडी पांगुळगाडा आहे. मूल त्याच्या मागे उभे राहते, धरते, ढकलते आणि पडले तर आपल्या पायांवर पडते. बाजारात मिळणाऱ्या गोल, चाकांच्या बैठकीत मात्र मूल आत बसते आणि पायाने रेटा देऊन क्षणात जिन्यापर्यंत किंवा चुलीपर्यंत पोहोचते. त्याने मूल लवकर चालू लागते हा समजही खोटा आहे. कॅनडाने तर २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. नव्याने जुन्याला प्रत्येक वेळी मागे टाकलेले असतेच, असे नाही.

दुकानात उभे असताना

आता बाजारात जाऊ. २०१९ साली भारतीय गुणवत्ता परिषदेने आयात केलेल्या खेळण्यांचे नमुने बाजारातून घेऊन तपासले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश नमुने सुरक्षिततेच्या कसोट्यांना उतरले नाहीत. त्यानंतर केंद्र सरकारने खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर, ती देशी असोत वा परदेशी, आयएसआय चिन्ह असणे सक्तीचे आहे. चिन्हाच्या वरच्या बाजूला मानकाचा क्रमांक असतो. साध्या खेळण्यांना आयएस ९८७३, विजेवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४. खालच्या बाजूला सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. नुसते चिन्ह छापणे कोणालाही जमते. तो परवाना खरा की खोटा, हे मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या मोबाईलवरील ॲपमध्ये क्रमांक घालून पाहता येते. भाजी घेताना आपण भेंडीचे टोक मोडून पाहतो. तेवढा वेळ येथेही द्यायला हरकत नाही.

हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक निर्देशांक मिळालेल्या वस्तूंच्या नोंदणीकृत उत्पादकांना या आदेशातून सूट आहे. तेव्हा सावंतवाडीच्या चितारआळीतले लाकडी फळ किंवा चन्नपटनाची लाखेने रंगवलेली भिंगरी यांवर चिन्ह नसेल, म्हणून ते वाईट ठरत नाही. तेथे प्रश्न विचारावा : रंग कशाचा? चन्नपटनाची मूळ पद्धत अशी, की लाकूड चरकावर फिरत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. पण त्याच आकाराची, साध्या तैलरंगात बुडवलेली नक्कलही शेजारच्या टोपलीत असते. ओल्या पांढऱ्या फडक्याने खेळणे घासून पाहावे. रंग फडक्यावर आला, तर तो उद्या बाळाच्या लाळेतही येणार.

रंगाचा एवढा बाऊ कशासाठी? शिशासाठी. भडक पिवळ्या आणि तांबड्या रंगांत शिशाचे क्षार वापरण्याची फार जुनी चाल होती. शिसे पोटात गेले, की ते मुलाच्या वाढत्या मेंदूला इजा करते. ताप येत नाही, पुरळ उठत नाही. मूल नुसते चिडचिडे होते, अभ्यासात मागे पडते, आणि आपण त्याला मठ्ठ म्हणून मोकळे होतो. रक्तातले शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक, असे म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणून त्याआधीचे, माळ्यावरच्या ट्रंकेतून निघालेले, रंगाचे पोपडे उडालेले खेळणे कितीही प्रेमाचे असले, तरी ते कपाटात काचेआड शोभावे. आजीच्या पितळी भातुकलीलाही हे लागू आहे. पितळेत शिसे मिसळलेले असू शकते. चार-पाच वर्षांच्या मुलीने त्यात खुशाल लुटुपुटूचा भात शिजवावा; दात येणाऱ्या बाळाने ते पातेले चोखू नये.

तीन वस्तू ज्यांना क्षमा नाही

आतापर्यंत सांगितले त्यात थोडी चूक खपून जाते. आता ज्या तीन वस्तू सांगतो, त्यांच्याशी चूक खपत नाही.

पहिली, बटणासारखा चपटा सेल. बोलणारी बाहुली, चमकणारी भिंगरी, गाणारे पुस्तक यांच्या पोटात तो असतो. तो अन्ननलिकेत अडकला, की आतल्या ओलाव्यामुळे विजेचा प्रवाह सुरू होतो आणि त्या जागी तीव्र क्षार तयार होतो. तो मांस जाळतो, आणि हे जळणे दोन तासांत गंभीर होऊ शकते. खेळणे चालवण्याइतका जोर न उरलेला सेलही जाळण्याइतका जोर राखून असतो.

चौदा महिन्यांचे एक मूल आमच्याकडे आले, ते लाळ गाळत आणि अन्न नाकारत. घशाला सूज म्हणून दोन दिवस औषध चालू होते. क्ष-किरण चित्रात नाण्यासारखी सावली दिसली. पण नाण्याची कड एकेरी दिसते. या सावलीला आत आणखी एक कड होती. ते पाहिले आणि आमचे हातपाय गार पडले. सेल दुर्बिणीने निघाला, मूल वाचले. पण पुढे कित्येक महिने त्याला नळीने दूध द्यावे लागले आणि आक्रसलेली अन्ननलिका वारंवार रुंद करावी लागली. आज ते शाळेत जाते. सगळी मुले इतकी सुदैवी नसतात.

ही झाली दुसऱ्याच्या घरची गोष्ट. आता माझ्या घरची सांगतो, कारण ती सांगितल्यावाचून मला उपदेशाचा अधिकार नाही. माझ्या सहा वर्षांच्या नातवासाठी मी जत्रेतून एक बोलका पोपट आणला. सेल बदलताना झाकणाचा स्क्रू माझ्याच हातून हरवला. मी वर चिकटपट्टी लावून दिली आणि विसरून गेलो. पंधरा दिवसांनी स्वयंपाकघरातून हाक आली. आमची अकरा महिन्यांची नात मूठ तोंडाकडे नेत होती आणि तिच्या आजीने ती मूठ वेळेवर उघडली होती. “अहो, हे बघा तुमच्या पोपटाचे काळीज,” एवढेच ती म्हणाली आणि सेल माझ्या तळहातावर ठेवला. ज्या सेलांबद्दल मी लोकांना वर्षानुवर्षे बजावत होतो, त्यांतलाच तो एक होता. माझ्या बरणीतला सेल हाच. पोपट सहा वर्षांच्या मुलासाठी योग्य होता. स्क्रू गेला तेव्हा त्याची अवस्था बदलली. नात रांगू लागली तेव्हा घराचे वय बदलले. मी दोन्ही पाहिले नाही.

दुसरी वस्तू, लोहचुंबकाचे बारीक, जोरकस मणी. एक गिळला तर बहुधा निघून जातो. दोन गिळले, तर ते आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत चिमटली जाऊन तिला भोक पडते. तिसरी, पाण्यात टाकले की कित्येक पटीने फुगणारे जेलीचे मणी. ते पोटात फुगून आतडे अडवतात आणि क्ष-किरणातही सहसा दिसत नाहीत. या दोन्हींना लहान मुलाच्या घरात प्रवेशच नको. याच रांगेत मी फुगा चौथा उभा केला असता. पण वाढदिवस कोणाला मोडायचा! फुगा मोठ्यांनी फुगवावा, आणि फुटला की रबराचा प्रत्येक तुकडा त्याच क्षणी उचलावा. तो तुकडा घशावर कातड्यासारखा चिकटतो.

सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी क्ष-किरणाची सोय असलेल्या रुग्णालयात तडक जावे. ओकारी काढू नये, खाऊपिऊ घालू नये. गिळून बारा तास झाले नसतील आणि मूल एक वर्षावरचे असून गिळू शकत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्यावा. अशा मात्रा जास्तीत जास्त सहा. तो भाजणे काहीसे कमी करतो. पण मधासाठी थांबू नये, आणि वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊच नये.

शनिवारची झडती

निवड एकदा होते. निगा रोज लागते. खेळणे विकत घेतले त्या दिवशी जसे होते, तसे ते राहत नाही. ते आपटते, चावले जाते, उन्हात तडकते, पावसात फुगते. म्हणून मी घरोघरी सांगतो, की आठवड्यातून एकदा, समजा शनिवारी संध्याकाळी, खेळण्यांची टोपली जमिनीवर ओतावी आणि दहा मिनिटे झडती घ्यावी. बाहुलीचे डोळे आणि बटणे जोराने ओढून पाहावीत. ती आपल्या हाताने निघण्यासारखी असतील, तर मुलाच्या दाताने निघतीलच. शिवण उसवली असेल तर पक्की घालावी. चाके हलवून पाहावीत. सेलच्या झाकणाचा स्क्रू जागेवर आहे ना, हे पाहावे. आणि चिकटपट्टी म्हणजे स्क्रू नव्हे, हे माझ्या अनुभवावरून शिकावे. लाकडावरून हात फिरवावा. सल लागत असेल तर पॉलिशपेपरने घासून खोबरेल तेलाचा हात द्यावा. तडकलेले प्लास्टिक मात्र दुरुस्त करण्याच्या भरीस पडू नये. त्याची धार पात्यासारखी असते.

धुण्याचेही शास्त्र फार नाही. बाळ जे तोंडात घालते, ते प्लास्टिक रोज साबणाने धुऊन कोरडे करावे. घरात कोणी आजारी असेल तर अधिक काळजीने. कापडी खेळणी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात आतपर्यंत वाळवावीत. वर्षाच्या आतले बाळ झोपले असताना ती पाळण्यात ठेवू नयेत, कारण नाकावर आलेली वस्तू बाजूला सारणे त्याला जमत नाही. लाकूड पाण्यात बुडवू नये, ओल्या फडक्याने पुसावे. अंघोळीच्या रबरी बदकाच्या पोटात पाणी साचते आणि आत काळी बुरशी धरते. दाबल्यावर काळे कण बाहेर आले, की त्या बदकाला निरोप द्यावा. आपल्याकडे पावसाळ्यात ही तपासणी दुप्पट करावी, हे कोकणातल्या मंडळींना सांगायला नको.

ठेवण्याची जागा उघडी आणि बुटकी असावी. पत्र्याच्या ट्रंकेचे झाकण बोटांवर किंवा मानेवर पडते, आणि लपाछपीत मूल आत शिरले तर आत हवा नसते. थोरल्याची बारीक खेळणी मात्र धाकट्याचा हात पोहोचणार नाही अशा उंच फळीवर वेगळी असावीत. त्यामुळे थोरल्यालाही आपली एक दौलत आहे असे वाटते आणि तो तिची राखण करतो.

मोडके खेळणे टाकायचे कसे? येथे मला थोडे कडू बोलावे लागते. डोळा निघालेले अस्वल, झाकण नसलेली बाहुली आपण “आमच्या मुलाला आता नको” म्हणून घरी काम करणाऱ्या बाईंच्या हाती देतो आणि दानाचे समाधान मानतो. जे आपल्या मुलाच्या घशासाठी वाईट, ते त्यांच्या मुलाच्या घशासाठी चांगले कसे? द्यायचे असेल तर दुरुस्त करून, धुऊन, त्या मुलाचे वय विचारून द्यावे. नाही तर मोडून केराच्या टोपलीत टाकावे. सेल मात्र काढून, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून, ई-कचऱ्यात. चिकटपट्टीची खरी जागा ती!

वेळ आलीच तर

इतके करूनही कधी घास किंवा वस्तू अडकते. मूल जोराने खोकत असेल, रडत असेल, तर हवा चालू आहे; त्याला खोकू द्यावे. आवाज बंद झाला, ओठ निळे पडू लागले, तर क्षण दवडू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्या हातावर पालथे, डोके खाली करून धरावे आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा द्याव्यात. मग उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर पाच वेळा दाब द्यावा. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून. वर्षावरच्या मुलाला पाच थापा पाठीवर, आणि मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मुठीने आत-वर असे पाच धक्के. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नये. ती आणखी खोल जाते. दुसऱ्याने तोवर १०८ क्रमांक फिरवावा. हे ऐकून येत नाही, हाताने शिकावे लागते. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी ते एखाद्या डॉक्टरांकडून जरूर शिकून घ्यावे.

एवढे धोके ऐकल्यावर एखादी आई म्हणेल, “मग खेळणे द्यायचेच नाही का?” नाही, बाई, तो अर्थ घेऊ नका. मॅडम माँटेसोरी १९३९ साली भारतात आल्या आणि युद्धामुळे अनेक वर्षे येथेच राहिल्या. मूल आपल्या हातांनी जे करते ते त्याचे कामच असते, हे त्यांनी आपल्या शिक्षकांच्या मनावर बिंबवले. काम बंद करायचे नसते. कामाची जागा सुरक्षित करायची असते. आणि त्याला पैसाही फार लागत नाही. आपल्या पुण्यातच अरविंद गुप्ता यांनी काड्यापेट्या, सायकलच्या नळ्या आणि जुनी वर्तमानपत्रे यांतून शेकडो खेळणी करून दाखवली आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वर्षाच्या बाळाला एक डबा, एक झाकण आणि एक लाकडी पळी दिली, तर त्याची सकाळ जाते. दहा खेळणी असतील तर चार बाहेर ठेवा, सहा आत. पंधरा दिवसांनी अदलाबदल करा. जुनीच नवी होतात, आणि झडतीही सोपी होते.

रोहसेनाला सोन्याची गाडी हवी होती, कारण शेजाऱ्याजवळ ती होती. आपल्या मुलांचेही तसेच होणार, आणि आपलेही. कारण बहुतेक महागडी खेळणी मुलांच्या हट्टापेक्षा मोठ्यांच्या हौसेने घरात येतात. माझी विनंती एवढीच, की आज घरी गेल्यावर, मुले झोपली असतील तेव्हा, खेळण्यांची टोपली जमिनीवर ओता आणि शेजारी बसून एकेक वस्तू हातात घ्या. आमच्या घरातले सर्वांत धाकटे आज किती वयाचे आहे, आणि ही वस्तू आज कशी आहे, हे दोन प्रश्न विचारा. एखादी सैल झालेली टोपी, एखादा निसटलेला स्क्रू तुम्हाला सापडेलच. तो माझ्या बरणीत येण्याआधी तुमच्या हाताला लागला, तर आजच्या संध्याकाळचे चीज झाले असे मी समजेन.